रविवारचं उघडं बॉनेट

भोपाळच्या बरखेड्यात रविवारी सकाळी भेलच्या क्वार्टरांसमोर एखाद्या तरी गाडीचं बॉनेट उघडलेलं असतं. गाडी बिघडलेली नसते. बिघडू नये म्हणून मालक आत वाकून बघत असतो. १९५६ साली इथे हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, त्यातूनच आजचं भोपाळचं भेल उभं राहिलं. ट्रान्सफॉर्मर, जलविद्युत टर्बाइन बनवणाऱ्या हातांना यंत्र बंद पडायच्या आधी तपासायची सवय लागली, ती घरच्या गाडीपर्यंत आली.

ट्रान्सफॉर्मर विभागात नोकरी केलेले एक मराठी गृहस्थ आधी ऑइलची पट्टी ओढतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली. पट्टी फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मगच वाचायची. पहिल्यांदा वर येते तेव्हा तिला इकडेतिकडे उडालेलं ऑइल लागलेलं असतं. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरलं तर इंजिनाचं भलं होतं, हा गैरसमज आहे.

मग कूलंट. टाकी अर्धपारदर्शक असते, झाकण न काढता बाहेरूनच पातळी दिसते. गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही, या बाबतीत ते घरच्या मुलांनाही सूट देत नाहीत. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. नळाचं पाणी ओतणंही वाईट. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

ब्रेक ऑइलच्या छोट्या डबीपाशी मात्र ते रेंगाळतात. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला ओलावा वर्ज्य, म्हणून आत जाणारी हवा सिलिका जेलमधून गाळून घेतात. ब्रेक ऑइलची तऱ्हा आणखी अवघड: ते हवेतली आर्द्रता स्वतःच शोषतं. डॉट ४ दर्जाचं कोरं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की हीच हमी १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना सतत ब्रेक दाबले, तर ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. त्यामुळे पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. डबी काठोकाठ भरलेली दिसली तरी आतलं ऑइल जुनं असू शकतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलणं हा स्वस्तातला विमाच आहे.

बॅटरीचं काम थोडक्यात आटपतं. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी धरली असेल, तर आधी निगेटिव्ह वायर सोडवायची, सोड्याच्या पाण्याने घासायचं, कोरडं करून व्हॅसलीन लावायचं.

टायरबद्दल एक चुकीचा सल्ला मे महिन्यात दर पंपावर ऐकू येतो: ‘‘गर्मी है, हवा कम रखो.’’ तो ऐकू नये. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत छापलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी फारशी पळायच्या आधी तपासावी. डिकीतली स्टेपनीही त्यातच आली. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर गोटा झाला असं समजावं. टायरच्या बाजूवर चार अंकही असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून विकत घेतलेला टायर दुकानात किती काळ पडून होता, ते यातून कळतं.

पेट्रोल पंपावर झाकण कोणत्या बाजूला, हा गोंधळही टाळता येतो. इंधनाच्या काट्याजवळच्या पंपाच्या चित्राशेजारी छोटा बाण असतो. तो ती बाजू दाखवतो. ही सूचना १९८६ मध्ये फोर्डच्या जिम मॉयलन यांनी केली. आज बहुतेक गाड्यांत तो बाण आहे आणि कितीतरी मालकांनी तो पाहिलेला नाही.

तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना मेकॅनिकला एवढं जरूर विचारा: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? उत्तर मिळालं नाही, तर त्याच दिवशी बदलून घ्या.