माळ्यावरचे स्की-बूट

कपाटात पडून राहिलेली चप्पल पावसाळ्यानंतर पायात घालावी आणि चार पावलांत तिचा तळ भुगा होऊन गळावा, हा अनुभव मुंबई-कोकणात नवा नाही. तो तळ बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा या प्लास्टिकच्या लांब साखळ्यांचे दुवे हळूहळू तोडतो. या क्रियेला जलापघटन म्हणतात, आणि वस्तू नुसती पडून असली तरी ती चालूच राहते.

स्कीइंगच्या अनेक बुटांचं कडक कवच याच कुळातलं. आल्प्सच्या किंवा अमेरिकेच्या डोंगरांत तरुणपणी स्कीइंग केलेली माणसं साठीला पुन्हा उतारावर जायला निघतात, तेव्हा माळ्यावरचे किंवा सेकंडहँड बाजारातले वीस-तीस वर्षांचे बूट हाती येतात. ‘फारसे वापरलेले नाहीत’ ही त्यांची शिफारस फसवी आहे. चकचकीत दिसणारं कवच थंडीत, ऐन वळणाच्या ताणाखाली, तडकू शकतं. इतके जुने बूट फुकट मिळाले तरी घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

बूट आणि स्की यांना जोडणारं बाइंडिंग त्याहून नाजूक प्रकरण. पडताना पायाला पीळ बसला की ते सुटलं पाहिजे. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला स्कीपटू ह्यालमार ह्वाम याचा पाय १९३७ मध्ये मोडला आणि त्या दुखण्यातूनच आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची त्याची रचना जन्मली. किती जोरावर सुटायचं, हे स्प्रिंगवरचा ‘डिन’ आकडा ठरवतो. वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, स्की करण्याची पद्धत आणि वय यांवरून तो काढतात. पन्नाशी गाठली की तक्त्यात एका ओळीने कमी जोर धरायचा. पंचविशीत लावलेला आकडा तसाच राहिला, तर बाइंडिंग सुटण्याआधी हाड मोडू शकतं. शिवाय आतलं ग्रीस सुकतं, प्लास्टिकचे भाग ठिसूळ होतात, म्हणून आकडा बरोबर असूनही भागत नाही. सुटण्याचा जोर यंत्रावर मोजून घ्यावा लागतो. कंपन्या आपण अजून जबाबदारी घेतो अशा बाइंडिंगची यादी दरवर्षी काढतात. त्या यादीबाहेरच्या जोडीला दुकानदार हात लावत नाही, यात त्याचा आडमुठेपणा नसतो. आणि बाइंडिंग उत्तम असलं तरी ते मुख्यतः नडगी वाचवतं. गुडघ्यातल्या अस्थिबंधाची तशी हमी नाही.

स्की मात्र चिवट. पोलादी कडांचा गंज घासून निघतो, पांढरट पडलेला तळ मेण मुरवलं की पुन्हा सरकू लागतो. अडचण आकाराची आहे. पूर्वीच्या स्की दोन मीटरच्या आसपास लांब आणि जवळजवळ सरळ. त्यांच्या कडेचा बाक पुरा केला तर चाळीस मीटरहून मोठ्या त्रिज्येचं वर्तुळ व्हायचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीत युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच यांनी स्कीची कंबर बारीक केली. अशी स्की कडेवर कलंडवली की वाकते आणि स्वतःच वळण कापत जाते. सरळ स्कीचं शेपूट दर वळणाला मांडीच्या जोरावर ढकलावं लागतं. म्हणून सेकंडहँड घ्यायचीच, तर २०००नंतरची घ्यावी.

मांडीचा तो जोर साठीत परत येतो का? ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी सरासरी ६७ वर्षांच्या माणसांना बारा आठवडे मार्गदर्शकासोबत स्कीइंग करायला लावलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या पायांची ताकद आणि दमसास दोन्ही वाढले. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. राजगड उतरताना मांड्या थरथरतात त्या याच कामाने. त्यामुळे मोसमाच्या दोन महिने आधी तयारीला लागणाऱ्याने जिने चढण्यावर थांबू नये. सावकाश, पाऊल आपटू न देता, ते उतरायचा सराव करावा.