चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा भडका

सप्तर्षी आपल्यापैकी बहुतेकांना ओळखता येतात. आकाशाच्या त्याच भागात नुसत्या डोळ्यांना न दिसणारी 'मार्केरियन 421' ही दीर्घिका आहे. तिचा प्रकाश इथे पोहोचायला सुमारे 40 कोटी वर्षे लागतात. तिच्या मध्यभागी सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याच्याजवळून निघणारा एक झोत जवळजवळ थेट आपल्या दिशेने येतो आणि अधूनमधून भडकतो.

15 मे 1996 रोजी अमेरिकेतील ॲरिझोनाच्या व्हिपल दुर्बिणीने गॅमा किरणांचा असाच एक भडका टिपला. तो सुमारे अर्ध्या तासात उसळला आणि ओसरलाही! अर्ध्या तासात प्रकाश 54 कोटी किलोमीटर जातो, म्हणजे सूर्यापासून गुरूपर्यंतसुद्धा नाही. झोताच्या प्रचंड वेगामुळे हा हिशेब काही पटींनी बदलतो, तरी भडकणारी जागा दीर्घिकेच्या मानाने ठिपक्याएवढीच ठरते.

गॅमा किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. ते हवेत आदळले की क्षणभर निळसर प्रकाश चमकतो, आणि दुर्बीण तोच टिपते. त्यासाठी काळोख हवा. म्हणून चंद्रकोर दिसण्याच्या आसपासच्या रात्री, ज्यांची आपण ईदसाठी वाट पाहतो, या मंडळींच्या खऱ्या कामाच्या असतात. क्ष-किरण हवेतच अडतात, त्यांच्यासाठी उपग्रह लागतो. रेडिओ लहरी मात्र दिवसाही पकडता येतात.

हे सारे एकाच वेळी पाहावे लागते. मार्केरियन 421 मध्ये क्ष-किरण आणि गॅमा किरण बहुधा बरोबरच वाढतात. त्यावरून दोन्ही एकाच इलेक्ट्रॉनांपासून निघत असावेत, असा तर्क निघाला. पण जून 2002 मध्ये '1ईएस 1959+650' या दुसऱ्या दीर्घिकेत गॅमा किरण उसळले आणि क्ष-किरण मात्र शांतच राहिले. शास्त्रज्ञांनी त्याला 'अनाथ भडका' म्हटले. मला हे नाव फार आवडते. त्या वेळी क्ष-किरणांकडे कुणाचे लक्ष नसते, तर हा अपवाद कळलाच नसता, आणि तोच भडका पुन्हा पाहण्याची सोय नाही.

आपल्याकडे लडाखमधील हानले येथे गॅमा किरणांसाठी 21 मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण आहे. 2015 मध्ये सोडलेला 'ॲस्ट्रोसॅट' अतिनील आणि क्ष-किरण एकत्र पाहू शकतो. रेडिओ लहरींसाठी नारायणगावजवळच्या खोडदच्या 30 तबकड्या आहेतच.