लगोरी फोडायची, पण किती?

गल्लीतल्या लगोरीत मुरलेला गडी पूर्ण ताकदीनं चेंडू मारत नाही. ठिकऱ्या लांब उडाल्या, तर त्या गोळा करताना आपल्याच भिडूची पाठ शेकून निघते, हे तो मार खाऊन शिकलेला असतो. 2022 साली आशिया-पॅसिफिकमधल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच धडा मोटारी, बॅटऱ्या आणि अॅल्युमिनियमचे पाइप घेऊन नव्यानं गिरवावा लागला. त्या वर्षी ‘एबीयू रोबोकॉन’चं यजमानपद नवी दिल्लीकडे होतं आणि खेळ होता लगोरी!

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेची ही स्पर्धा. पहिली 2002 मध्ये टोकियोत झाली. खेळ दरवर्षी नवा, बहुधा यजमान देशाच्या मातीतला. त्यामुळे गेल्या वर्षीच्या रोबोतले सुटे भाग तेवढे कामी येतात. पुण्यानं दोनदा यजमानपद सांभाळलं. 2008 मध्ये रोबोंनी दहीहंडी खेळली. 2014 मध्ये पालक रोबोनं बाळ रोबोला सीसॉ, झोका, जंगल जिम असं सारं खेळवायचं होतं. सगळं जमलं की ‘शाबाश’. आपल्याकडची डीडी रोबोकॉन ही राष्ट्रीय फेरीही अनेक वर्षं बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रंगत असे.

लगोरीसाठी प्रत्येक संघाला दोन रोबो बनवायचे होते. पहिल्यानं चेंडू फेकून पाच चकत्यांची लगोरी फोडायची, दुसऱ्यानं ती पुन्हा रचायची. रचणाऱ्याच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला. प्रतिस्पर्धी तो पाडायला टपलेले. डाव उलटला की फोडणाऱ्यांनी मारणारे व्हायचं. दोन्ही रोबोंचं मिळून वजन 50 किलोच्या आत. एकाला जड मोटार दिली, तर दुसऱ्याचा हात बारीक करावा लागणार.

रूलबुक हातात पडलं की पहिला वाद फेकण्यावरून होतो. उलट दिशांना फिरणाऱ्या दोन चाकांमधून चेंडू सोडला, तर वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो. पण प्रत्येक फेकीला चाकं थोडी मंदावतात. ती पूर्ववत होण्याआधी पुढचा चेंडू गेला, तर नेम हमखास खाली येतो. हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर साधा आणि दणकट, पण टाकीतली हवा संपत जाते. शिवाय अंतर बदललं की दाब किंवा कोन नव्यानं जुळवा. उभ्या लगोरीवर एकाच जागेवरून मारायचं असेल, तर सिलिंडर परवडतो. पळत्या रोबोच्या डोक्यावरचा चेंडू टिपायचा, तर चाकांना पर्याय नाही.

रचणाऱ्याचा पेच वेगळाच. चकत्या वेगवेगळ्या आकाराच्या, पंजा मात्र सगळ्यांना पुरायला हवा. मेकॅनम चाकं लावली, तर न वळता आडवं सरकता येतं, पण ती घसरतात आणि मोजलेलं अंतर चुकतं. वेग वाढवावा, तर एका हिसक्यानं डोक्यावरचा चेंडू आपणच पाडायची भीती.

यातून वाट काढायला संघ तक्ता मांडतात. वेग, अचूकता, वजन, खर्च, दुरुस्तीची सोय; प्रत्येकाचं महत्त्व आकड्यात ठरवायचं, पर्यायांना गुण द्यायचे, बेरीज करायची. पद्धत चांगली, पण लबाडीला वाव देणारी. ज्याला आपलं डिझाइन आवडलेलं असतं, तो बेरीज मनासारखी येईपर्यंत महत्त्वाला दिलेले आकडे हलवत राहतो. त्यावर एकच उतारा: पुठ्ठा, लाकूड, जुनी मोटार, जे मिळेल त्यातून कच्चा नमुना करायचा आणि शंभर वेळा फेकून पाहायचं. शंभर फेकींसमोर सिनियरचीही बोलती बंद होते.

तरी मोजायचं काय, हा प्रश्न उरतोच. फेकणाऱ्या रोबोची टोळी किती चकत्या पडल्या हे मोजते. रचणाऱ्याची टोळी एक चकती ठेवायला किती सेकंद लागले हे मोजते. दोघींच्याही वह्यांत प्रगती दिसते आणि संघ मात्र हरतो. कारण जोरदार फेकीनं पाचही चकत्या पडतात, पण गडगडत मैदानभर जातात आणि रचणाऱ्याचा सगळा वेळ त्यांच्यामागे धावण्यात जातो.

म्हणून घड्याळ एकच हवं. चेंडू सुटला की सुरू, शेवटची चकती बसली की बंद. असं मोजायला लागलं की फेकणारी मुलं आपणहून मोटारीचा वेग उतरवू लागतात. गल्लीतल्या त्या गड्याचं घड्याळ त्याच्या भिडूच्या पाठीवर होतं, एवढाच फरक.