दुकानाखाली मुरलेलं रसायन

ड्राय-क्लीनिंगमधलं परक्लोरोइथिलीन पाण्याहून सुमारे १.६ पट जड. सांडलं की भूजलावर तरंगत नाही, खाली उतरत राहतं. यवतमाळच्या काळ्या पाषाणात त्याची वाट भेगा ठरवतात; एका बोअरच्या नमुन्यावर विसंबणं घातकच. आधी फरशीखालच्या मातीतली वाफ तपासावी, मग वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी. अमेरिकेत कॅम्प लेज्यून लष्करी तळाच्या काही विहिरी शेजारच्या ड्राय-क्लीनिंग दुकानातल्या गळतीमुळे १९८५ मध्ये बंद कराव्या लागल्या. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणीकडे भूजलात फ्लोराइड आहे, पण ते खडकातून आलेलं. फ्लोराइडच्या चाचणीत परक्लोरोइथिलीन दिसत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, आणि ते उडून जाऊ नये म्हणून नमुन्याची बाटली काठोकाठ भरावी लागते.