कडब्याला खमिराची जोड

मेंढीला आपण गरीब जनावर म्हणतो. पण तिच्या पोटात चालणारा कारखाना भल्याभल्यांना उभारता येणार नाही. ज्वारीचे वाळके धाट आपण कितीही शिजवले तरी त्यातून आपल्या अंगात ताकद यायची नाही. मेंढी त्यावर जगते. गंमत अशी, की तीही ते स्वतः पचवत नाही. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, सुमारे ३९ अंशांच्या उबेत, जवळजवळ हवेवाचून, कोट्यवधी जिवाणू ते आंबवतात. त्यातून सुटणाऱ्या आम्लांवर तिची गुजराण होते आणि पुढे तेच जिवाणू पचून तिला प्रथिने मिळतात.

माण तालुक्यात शेतात मेंढरे बसवलेल्या एका धनगर बाईंनी मला दुकानदाराने दिलेला नमुन्याचा पुडा दाखवला. "दादा, ह्यानं कडबा अंगी लागतो म्हंत्यात. घ्यावं का?"

पुड्यात यीस्ट होते, म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिराचे भावंड. उन्हाळा, कडबा विकतचा, निम्म्या मेंढ्या गाभण. पुडा घ्यायचा तर पेंडीच्या पैशांतूनच.

दुकानदार अगदीच खोटे बोलला नव्हता. चाऱ्याबरोबर पोटात शिरलेला थोडासा प्राणवायू जिवंत यीस्ट वापरून टाकते. धाट फोडणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मानवत नाही, म्हणून त्यांचे काम सुकर होते. भरडा जास्त झाला की पोटात आम्ल वाढते, तेही यीस्ट काहीसे सावरते. पण निव्वळ कडब्यावरच्या मेंढीला भरडा दिसतो कुठे? ठिकठिकाणच्या चाचण्यांतही कुठे पचन थोडे वाढले, कुठे काडीचा फरक पडला नाही. शिवाय यीस्ट त्या पोटात घर करून राहत नाही. रोज द्यावे लागते.

खरी अडचण निराळीच आहे. जिवाणूंना वाढायला नत्र लागते. चाऱ्यात सुमारे ७ टक्के प्रथिने नसली, की त्यांचे काम मंदावते. कडब्यात ती साधारण ३ ते ५ टक्के. उपाशी मजुरांवर मुकादम वाढवून काय होणार?

"मावशी, आधी मूठभर पेंड," मी म्हटले. "नाहीतर थोडा सुबाभळीचा पाला. कडब्याची कुट्टी करा, पाणी पोटभर पाजा."

१०० किलो चाऱ्यावर ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि २१ दिवस हवाबंद ठेवायचा, हाही उपाय आहे. पण माप चुकले तर युरिया विषच. आणि फिरत्या वाड्याला २१ दिवस एका जागी कोण राहू देणार?

"मंग ह्ये?" त्यांनी पुडा पुढे केला.

"पेंड घेऊन पैसे उरले तर."

त्यांनी पुडा कनवटीला लावला आणि म्हसवडच्या बाजारात सरकी पेंडीचा भाव काय, ते विचारू लागल्या.