फी वकिलाची, कागद पक्षकाराचे

भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका आणि पलीकडे दौंड. वडगाव रासाईसारख्या नदीकाठच्या गावात खते, बियाणे किंवा किराणा विकणाऱ्या कुटुंबाची उधारी दोन्ही तीरांवर पसरलेली असते. ऊस कारखान्याला गेला की पैसे येतील, या विश्वासावर माल दिला जातो. कधी येणे अडते आणि दावा लावण्याची वेळ येते.

समजा, अशा दुकानदाराने बिले, पोहोच पावत्या आणि खातेउतारे वकिलांच्या कार्यालयात दिले. फी तोंडीच ठरली. पुढे मतभेद झाले आणि उत्तर मिळाले, 'आधी बाकी फी भरा, मग फाइल न्या.' विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे असते. फीच्या वादात ती टळली, तर काही हजारांपायी लाखांचे येणे बुडते.

फाइल अशी अडवून ठेवता येते काय? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर एका बँकेच्याच प्रकरणात मिळाले. मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेने १९९० मध्ये एका वकिलांना विधी सल्लागार नेमले आणि १९९३ मध्ये ती नेमणूक संपवली. वकिलांनी ९७,१०० रुपये फी बाकी असल्याचे सांगून बँकेच्या फाइली परत करण्यास नकार दिला. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या शिस्तपालन समितीने त्यांना १८ महिने वकिलीस मनाई केली आणि १,००० रुपये दंड ठोठावला.

सर्वोच्च न्यायालयात त्यांनी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७१ चा आधार घेतला. बँकेत काम केलेल्यांना हे कलम परिचित आहे. ताब्यात असलेला ग्राहकाचा माल येणे फिटेपर्यंत रोखून धरण्याचा हक्क बँकेला त्यानेच मिळतो. परंतु २२ ऑगस्ट २००० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, खटल्याची फाइल म्हणजे विकता येईल असा 'माल' नव्हे. म्हणून फीसाठी ती अडवता येत नाही. यापूर्वी या मुद्द्यावर अधिकृत निर्णय नसल्याने शिक्षा मात्र ताकिदीपर्यंत कमी करण्यात आली.

याचा अर्थ फी बुडवण्याची मुभा मिळाली, असा मुळीच नाही. १९२६ च्या विधिव्यवसायी फी अधिनियमानुसार वकील फीचा करार करू शकतात आणि थकलेल्या फीसाठी दावाही लावू शकतात. दुसऱ्याची मजुरी अडवणे व्यापारधर्मात बसत नाही. वकिलांचे श्रमही त्याला अपवाद नाहीत.

तथापि फी कशी ठरते, यालाही मर्यादा आहे. 'वसुलीतला अमुक हिस्सा माझा' असा करार वकिलाने करणे गैरवर्तन ठरते. वसुलीतील निम्मा हिस्सा घेण्याच्या कराराबद्दल मुंबईतील एका ज्येष्ठ वकिलांना सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दोषी धरले होते. तेलंगणातील एका अपघात-भरपाई प्रकरणात १० लाख रुपये दिल्यावरही विधवा पक्षकाराकडून ३ लाखांचा धनादेश घेतला गेला आणि तो न वटल्याने तिच्यावर फौजदारी तक्रार झाली. न्यायालयाने ५ डिसेंबर २०१७ रोजी ती तक्रार रद्द केली.

तक्रार कोठे करावी, हेही लक्षात ठेवावे. १४ मे २०२४ च्या निकालानंतर वकिलांच्या सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. फाइल अडवणे किंवा हिस्सा मागणे अशा गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करता येते. निव्वळ रकमेचा वाद मात्र दिवाणी स्वरूपाचा असतो. चालू दाव्यात जुन्या वकिलांनी ना-हरकत दिली नाही, तर न्यायालयाची परवानगी मागता येते.

वाचकहो, मालाचा भाव ठरवल्याशिवाय आपण गोणी उचलत नाही. तोच नियम येथे पाळावा. एकूण फी, तिचे टप्पे आणि कोर्टखर्च कोणाकडे, हे प्रारंभीच लिहून घ्यावे. प्रत्येक रक्कम बँकेमार्फत देऊन पावती घ्यावी. दिलेल्या कागदांची यादी करून त्यावर पोहोच घ्यावी आणि प्रती घरी ठेवाव्यात. कोरा धनादेश सही करून कोणालाही देऊ नये. एवढी शिस्त पाळली, तर वकील व पक्षकार यांच्यातील विश्वासालाही तडा जाणार नाही.