'रिकामा' या शब्दाचा धोका

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ रोजी आघात-तरंगांच्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन एक संशोधक मृत्युमुखी पडला व तिघे जखमी झाले. अशा दुर्घटनांनंतर उपकरणांची तपासणी होते; शब्दांची मात्र क्वचितच. वास्तविक तीही आवश्यक आहे. भाषाभ्यासक बेंजामिन ली व्हॉर्फ हा व्यवसायाने आगविमा कंपनीचा तपासनीस होता. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ सावध असणारी माणसे 'रिकाम्या' पिंपांजवळ निर्धास्तपणे धूम्रपान करतात, हे त्याने नोंदविले. वस्तुतः त्या पिंपांत स्फोटक वाफ उरलेली असते. हायड्रोजनच्या सिलिंडरलाही हाच न्याय लागू पडतो. हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असले की ठिणगीने तो पेटतो. म्हणून वापरलेल्या सिलिंडरात थोडा दाब राखून झडप बंद करावयाची असते; एरवी आत हवा शिरते. मराठीत 'रिकामा' म्हणजे ज्यात काही उरले नाही असा. तेव्हा पाटीवर 'रिकामा' न लिहिता 'वापरलेला, आत वायू शिल्लक' असे लिहिणे युक्त ठरेल. जेथे डोळा व नाक इशारा देत नाहीत, तेथे तो शब्दानेच द्यावा लागतो.